राजवट पडली, राजा मेला. मग मृतदेहाचं काय? रत्नागिरीतल्या थिबा राजाची गोष्ट

३० एप्रिल १९४५. सोव्हिएत फौजा बर्लिनमध्ये घुसलेल्या असताना हिटलरने बंकरमध्ये आत्महत्या केली. त्याच्याच माणसांनी देह जाळला. उरलेले अवशेष सोव्हिएतांनी पूर्व जर्मनीत पुरले. पण १९७० मध्ये तेही उकरून जाळले आणि राख नदीत सोडली.

मेलेल्या माणसाची एवढी भीती का? कारण कबर झाली की लोक जमतात. मुसोलिनीचा मृतदेह तर समर्थकांनी १९४६ मध्ये कबरीतून पळवला होता.

हीच भीती इंग्रजांना रत्नागिरीत होती.

ब्रह्मदेशचा राजा थिबा हिटलरसारखा हुकूमशहा नव्हता. अगदी साधुसंतही नव्हता म्हणा. तो गादीवर आल्यानंतर राजघराण्यातल्या कित्येकांची कत्तल झाली होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, तेही जेमतेम दोन आठवड्यांच्या युद्धात. राजाला मारलं असतं तर तो हुतात्मा ठरला असता. म्हणून त्याला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला पाठवलं. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, ब्रह्मी माणूस सहज पोहोचणं अशक्य. आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो, तो वाडा राजाला मिळाला १९१० मध्ये.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. राज्य जाऊन ३१ वर्षं झाली होती, तरी प्रश्न सुटला नव्हता. देह मायदेशी न्यायचा, असा राणी सुपयालतचा आग्रह होता. सरकारने नकार दिला. राणीही हटेना. शवपेटी तशीच राहिली, तब्बल दोन वर्षांहून जास्त! अखेर मार्च १९१९ मध्ये रत्नागिरीतच समाधी झाली. १९१२ मध्ये वारलेल्या धाकट्या राणीचा देहही सोबत ठेवला गेला.

त्याच वर्षी कुटुंबाला ब्रह्मदेशात परतू दिलं, पण मंडालेत नाही, रंगूनला. सुपयालत १९२५ मध्ये तिथेच गेली. तिची समाधीही रंगूनलाच.

याच रंगूनमध्ये १८६२ मध्ये इंग्रजांनी बहादूरशाह जफरला पुरलं होतं. कबरीवर खूण ठेवली नाही, गवत उगवू दिलं. खरी कबर सापडली थेट १९९१ मध्ये.

थिबाची समाधी मात्र रत्नागिरीत जागेवर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले.