रोग्याचें गुपित

वैद्यापाशीं मनुष्य जें बोलतो तें तो पुष्कळदां सख्ख्या भावापाशींही बोलत नाहीं. हें बोलणें बाहेर फुटणार नाहीं असा भरंवसा नसेल, तर रोगी रोग लपवील, आणि लपविलेला रोग त्याचा व त्याच्या घराचा घात करील. म्हणूनच चरकसंहितेच्या विमानस्थानांत शिष्यास उपदेश करतांना, रोग्याच्या घरची हकीकत वैद्यानें बाहेर बोलूं नये, असा दंडक घालून दिलेला आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नांवें चालत आलेल्या शपथेंतही हाच आशय आढळतो.

या उपदेशाचें मर्म आम्हांस कळलें तें मात्र ग्रंथावरून नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्याकरितां एक स्थळ सांगून आलें. मुलगी सुशिक्षित, घराणें सालस. परंतु मध्यंतरीं तिचें शिक्षण एक वर्ष खंडित झालें होतें, आणि तेवढ्यावरून आमच्या आप्तमंडळींत कुजबुज सुरू झाली. तिच्या घरचे डॉक्टर तेच आमच्याही घरचे. आम्ही त्यांच्याकडे गेलों आणि इकडच्या तिकडच्या गोष्टींतून हळूच विषय काढला. डॉक्टर हंसून म्हणाले, "मास्तर, उद्यां त्या घरचीं माणसें तुमच्या घरच्या दुखण्यांची चौकशी करावयास आलीं, तर मीं काय सांगावें?" आम्ही निरुत्तर झालों; कारण आमच्याही घरचें एक दुखणें त्यांच्या कागदांत नोंदलेलें होतें. पुढें विवाह झाला. सांगण्यासारखें जें होतें तें मुलीनें विवाहापूर्वींच आपण होऊन आमच्या पुतण्यास सांगितलें होतें, एवढें मागाहून कळलें. तें काय होतें हें आम्हांस आजही ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असण्याचें कारणही नाहीं.

जें नीतीचें तेंच आतां कायद्याचेंही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांप्रमाणें रोग्याचें गुपित डॉक्टरास तीनच प्रसंगीं उघड करतां येतें: न्यायालयांत न्यायाधीशाची आज्ञा झाल्यास, विशिष्ट व्यक्तीस किंवा समाजास गंभीर धोका असल्यास, आणि रोग सरकारांत कळविणें सक्तीचें असल्यास. शेजारी, आप्त अथवा सोयरिकीस आलेली मंडळी यांचा या यादींत समावेश नाहीं. उलट, रोग्यानें आपलीं कागदपत्रें मागितलीं तर तीं त्यास ७२ तासांच्या आंत मिळावयास हवींत.

यांतील दुसऱ्या अपवादाची मर्यादा कोठें, हा प्रश्न १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. एका गृहस्थास एच.आय.व्ही.चा संसर्ग असल्याची गोष्ट रुग्णालयाकडून बाहेर गेल्यामुळें त्याचा ठरलेला विवाह मोडला व समाजांत त्याची नालस्ती झाली. न्यायालयानें गुप्ततेचा हक्क मान्य केला. परंतु वधूच्या जिवाचें रक्षण त्याहून श्रेष्ठ ठरवून त्याची दाद अमान्य केली. वधूच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. पण वधूस कळणें निराळें आणि गांवास कळणें निराळें. हा भेद २०१७ सालच्या एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायद्यानें स्पष्ट केला. त्याप्रमाणें सहसा संमतीवांचून ही माहिती उघड करतां येत नाहीं. जोडीदारास खरोखरच मोठा धोका असेल, तर डॉक्टरानें आधीं रोग्यासच सांगण्याविषयीं समजवावें. तो सांगत नाहीं अशी खात्री झाल्यावर, त्यास पूर्वसूचना देऊन, मग जोडीदारास समक्ष कळवितां येतें.

त्याच वर्षीं मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें मनोरुग्णास गुप्ततेचा हक्क दिला, आणि ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निर्णय केला. २०२१ सालच्या दुरुस्तीनें तर, गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रीचें नांव अधिकार नसलेल्या माणसास सांगणाऱ्या डॉक्टरास एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा ठेविली आहे.

परंतु कायदा डॉक्टरास बांधील. आपल्या जिभेस कोण बांधणार? सासूबाईंच्या तपासणीचा अहवाल घरच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकण्यापूर्वीं आपण त्यांस विचारतों काय? औषधाच्या दुकानांत शेजाऱ्याच्या हातांतील चिठ्ठी वाचतों, आणि हें सर्व काळजीपोटीं असें म्हणतों. काळजी असेल तर रोग्यास प्रकृतीचें विचारावें, तो सांगेल तेवढें ऐकावें व ऐकलेलें आपल्यापाशीं ठेवावें. विवाह ठरवितांना चौकशी अवश्य व्हावी. पण ती ज्यांस संसार करावयाचा त्या दोघांनीं एकमेकांस समोरासमोर विचारून व्हावी. डॉक्टरांच्या दारांतून आम्ही त्या दिवशीं ओशाळून परतलों खरे. तथापि आमच्या घरचें गुपितही त्याच दारामागें सुरक्षित आहे, हें समाधान घेऊन परतलों.