आधी पाणी बघा, सर

डिसेंबर उजाडला की बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या फलकावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिराची यादी लागते. ही योजना १९६९ ची. सात दिवस खेड्यात राहायचं, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री भारुडं-नकला, हा शिरस्ताही बराच जुना. पन्नासेक मुलं-मुली, दोन-तीन सर-मॅडम, एक आचारी आणि टेम्पोभर गाद्या-पातेली गावात उतरतात. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, नाहीतर देवळाच्या सभामंडपात. पाटोदा-आष्टीकडची गावं बालाघाटाच्या माथ्यावर. पहाटे तिथं असा गारठा असतो की दात घासतानाही हात थरथरतात.

पूर्वी यावर उपाय एकच होता. तीन दगड, मोठं पातेलं, खाली पऱ्हाट्या. धुरानं डोळे लाल व्हायचे, पाणी निम्म्यांनाच पुरायचं, बाकीचे ‘उद्या करतो’ म्हणून तोंड धुऊन मोकळे. आता कुणीतरी घरचा गॅस गिझर काढून आणतो. वजनाला हलका, विजेची गरज नाही, खिळ्याला टांगला की झालं, असा सगळ्यांचा समज. आणि पहिल्या पहाटे तो पेटत नाही.

अशा वेळी पाटोद्याच्या बाजारातून शेगडी-कुकर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलावणं जातं. मफलर गुंडाळून मोटारसायकलवर आलेले मिस्त्री गिझरला हात लावण्याआधी त्याच्या नळीमागं चालत जातात. शाळेच्या स्लॅबवर टाकी, टाकीतून अर्ध्या इंची हिरवी नळी, मैदानाच्या कडेकडेनं पार मागच्या भिंतीपर्यंत. ‘आधी पाणी बघा, सर. गिझर नंतर.’

त्यांचं म्हणणं समजायला गिझरचं पोट माहीत असावं लागतं. पाणी आत शिरलं की त्याच्या दाबानं एक रबरी पडदा फुगतो, त्याला जोडलेली दांडी सरकते आणि छोटं बटण सुटतं. मग दोन मोठ्या सेलांवर, म्हणजे अवघ्या तीन व्होल्टवर, ठिणगी पडू लागते आणि गॅसची झडप उघडते. पाणी थांबलं की सगळं उलट्या क्रमानं बंद. म्हणजे गिझरची खरी किल्ली पाणी आहे. ‘टक टक टक’ असा आवाजच येत नसेल तर सिलिंडर हलवून बघण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. दहा मीटर उंचीवरून उतरलेलं पाणी सुमारे एक बार दाब देतं. शाळेची स्लॅब तीन-साडेतीन मीटर उंच, गिझर टांगलेला छातीइतक्या उंचीवर. उरला दोन मीटरचा उतार, म्हणजे ०.२ बार. पुष्कळ गिझर याच्या आसपास कसेबसे जागे होतात. त्यात लांबलचक नळी, मध्ये दोन पिळे, तोंडाशी शॉवर. पडदा फुगणार कसा? शॉवर काढला, नळी सरळ केली, गिझरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी धुतली की निम्मे गिझर तिथंच बोलायला लागतात. जाळीत काय निघत नाही! शेवाळ, टाकीतला गाळ आणि काळ्या कातळातल्या बोअरच्या पाण्यानं साठलेली क्षाराची पांढरी खडी. घरी वर्षानुवर्षं याच पाण्यावर चाललेल्या गिझरची तांब्याची नळी आतून अरुंद झालेली असते. लिंबूसत्त्वाचं पाणी भरून ठेवलं की खडी सुटते, पण ते काम घरी, निघण्याआधी करायचं.

एकदा तर पाणी धो धो वाहत होतं आणि गिझर ढिम्म. मिस्त्रींनी नुसतं वाकून बघितलं आणि हसले. थंड पाण्याची नळी गरम पाण्याच्या तोंडाला जोडलेली. उलटं पाणी आरपार जातं, पडद्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

जिथं टाकीच नाही, ड्रम जमिनीवर आहे, तिथं गावानं आपलं उत्तर शोधलेलं आहे. कापसावर फवारणी करायच्या बॅटरी पंपात बारा व्होल्टची छोटी मोटर असते. ती सुटी मिळते, फवाऱ्याच्याच बॅटरीवर चालते आणि गिझर पेटण्याइतका दाब सहज देते. अट एकच: मोटर आणि नळी कोरी करकरीत हवी. कीटकनाशक ओढलेली मोटर कितीही धुतली तरी आंघोळीच्या पाण्याला लावायची नाही. मुलं ‘काय होतंय मिस्त्री’ म्हणतात, तेव्हा मिस्त्री उत्तर देत नाहीत, मोटर उचलून टेम्पोत टाकतात.

पाण्यानंतर ठिणगी. सेल घरी दोन वर्षं आत पडून असलेले, वरून पहाटेची थंडी. कमजोर सेलची खोड अशी की ठिणगी पडते, पण गॅसची झडप धरून ठेवायला ताकद उरत नाही. ज्योत येते आणि लगेच जाते. लोक समजतात, गॅस संपला. चाळीस-पन्नास रुपयांचे सेल बदलायच्या आधी तीन सिलिंडर बदलून झालेले असतात.

तिसरा क्रम गॅसचा. नवी नळी जोडली की आधी तिच्यातली हवा निघते, म्हणून पहिल्या तीन-चार वेळा गिझर नुसता टकटक करून थांबला तर घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. आचाऱ्याच्या भट्टीचा रेग्युलेटर मोकळा दिसला म्हणून कुणी गिझरला लावला, तर भट्टीचा तो जोरकस दाब गिझरला सोसत नाही. घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबानं गॅस सोडतो आणि गिझर तेवढ्याचसाठी घडवलेला असतो. भट्टीचा लावला की ‘भप्प’ असा आवाज होऊन ज्वाळा झाकणाबाहेर येते. त्या दिवशी भुवया भाजलेला स्वयंसेवक शिबिरभर सगळ्यांचा चेष्टेचा विषय होतो, पण प्रकरण चेष्टेचं नसतं.

लहान पाच किलोच्या सिलिंडरची अडचण निराळी. सिलिंडरमधला गॅस द्रवरूपात असतो; त्याची वाफ होताना तो सिलिंडरचीच उष्णता ओढून घेतो. घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळतं, प्रोपेन उणे ४२ अंशांना. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला जवळजवळ एक किलो गॅस खातो. एवढ्या वेगानं वाफ व्हायची तर लहान सिलिंडर गारठतो, बाहेरून दव धरतो, आतला दाब पडतो आणि ज्योत मरगळते. कुणीतरी लगेच काडी पेटवून सिलिंडर ‘शेकायला’ निघतं. ते करायचं नाही. मोठा सिलिंडर लावावा. तो नसेल तर विहिरीचं ताजं पाणी लहान सिलिंडरच्या अंगावर ओतावं.

विहिरीच्या पाण्याची गंमत या भागातल्या बायांना आधीपासून ठाऊक आहे: पहाटे ते कोमट लागतं. जमिनीखालचं पाणी थंडीतही पंचवीस अंशांच्या आसपास राहतं, तर स्लॅबवरच्या टाकीतलं रात्रभर गारठून चौदा-पंधरावर येतं. पंधरा लिटरची बादली चाळीस अंशांवर न्यायला विहिरीच्या पाण्याला साधारण २५ ग्रॅम गॅस लागतो, टाकीच्या पाण्याला चाळीसच्या वर. पन्नास बादल्यांमागं किलोभर गॅसचा फरक. म्हणून टाकी रात्री भरून ठेवण्यापेक्षा पहाटे मोटर चालू करावी. हा सल्ला शिबिराच्या नियोजनाच्या कागदावर सापडणार नाही.

बऱ्याच गिझरांत वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते. घरी एका माणसाच्या आंघोळीत ती कधी लक्षात येत नाही. शिबिरात रांग लागलेली, नळ एकदाही बंद न केलेला; आठव्या बादलीला गिझर विझतो आणि ‘बिघडला, बिघडला’ असा गलका होतो. नळ बंद करून पुन्हा उघडला की तो मुकाट चालू.

आणि वारा. उघड्यावर टांगलेल्या गिझरची ज्योत डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्यात फडफडते. ज्योतीत एक बारीक दांडी असते. ज्योत नाहीशी झाली की तिच्यातून जाणारा सूक्ष्म प्रवाह तुटतो आणि गॅस बंद होतो. गिझर असा विझतो तेव्हा तो नीट काम करत असतो. पण रांगेतल्या मुलांना एवढा धीर नसतो. ती गिझर उचलतात आणि आत, ताडपत्रीच्या न्हाणीत नेऊन टांगतात. तिथं वारा नाही. ज्योत शांत. सगळे खूश.

इथं मात्र मिस्त्रींचा आवाज चढतो. ‘बाहेर काढा तो आधी! पोरी आत जाणार हैत ना?’

गॅस जळायला हवा लागते आणि गिझर ती शेगडीपेक्षा कितीतरी जास्त ओढतो. बंद जागेतला प्राणवायू उतरला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र दर्प असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. जळाल्यावर तोही उरत नाही, त्यामुळे नाक काहीच सांगत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट या विषाला धरतं. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि दार उघडायचं भानही राहत नाही. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सुमारास मुंबईत घाटकोपरला रंग खेळून आलेलं एक जोडपं न्हाणीघरात मृत आढळलं, तेव्हा संशय गॅस गिझरवरच गेला होता. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या येतात. घरातली न्हाणी निदान विटांची असते, तिला झरोका असतो; ताडपत्री तर चहूबाजूंनी घट्ट बांधलेली.

मिस्त्रींची मांडणी साधी आहे. गिझर न्हाणीच्या बाहेर, भिंतीला. ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला दोन हातांवर एक पत्रा उभा. बाकीच्या बाजू आणि वरचं तोंड उघडं. सिलिंडर गिझरच्या खाली नाही, बाजूला. हा गॅस हवेहून जड असतो, गळाला तर खड्ड्यात साठतो, म्हणून सखल जागा टाळायची. आत जाईल ती फक्त गरम पाण्याची नळी, आणि जमलं तर तीही नको. बादली बाहेर भरून आत न्यावी.

ज्योत निळी असेल तर ठीक. पिवळी पडून वर काजळी धरत असेल, तर बर्नरच्या तोंडात बघायचं. वर्षभर माळ्यावर पडलेल्या गिझरात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं, नाहीतर कोळ्याचं जाळं. बारीक तार आणि दात घासायचा जुना ब्रश, एवढी हत्यारं त्याला पुरतात.

सहा लिटरच्या गिझरला बादलीमागं अडीच मिनिटं लागतात. पन्नास जणांचे दोन तास झाले. साडेसहाच्या प्रभातफेरीआधी सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या तर चारला उठावं लागेल, आणि एकविसाव्या वर्षी चारला कोण उठतं? निम्मी मुलं श्रमदान करून, घामेजून, उन्हात आंघोळ करतात. तेव्हा गार पाणीही चालतं.

सातव्या दिवशी गिझर उतरवताना मिस्त्री हजर नसतात, म्हणून त्यांनी सरांच्या वहीत तीन कामं लिहून ठेवली आहेत. गिझर उलटा करून आतलं पाणी सांडायचं. सेल काढायचे. बर्नरच्या तोंडाला फडकं बांधायचं.