जतची माती आणि सागराचा तळ

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकावरील अवर्षणग्रस्त जत तालुक्याचा सागरतळाशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. संबंध आहे, आणि तो जमाखर्चाचा आहे. जतच्या बोर नदीचे पाणी भीमेला, भीमेचे कृष्णेला आणि कृष्णेचे आंध्र किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते. वळवाच्या सरीने उताराच्या शेतातून सुटलेली मातीही याच वाटेला लागते.

नदीमुखाजवळील गाळातील सेंद्रिय द्रव्याचे मुख्य उगम दोन. समुद्रातील सूक्ष्म प्लवक मरून तळाशी बसतात; जमिनीवरील पालापाचोळा व मातीतील कुजलेला अंश पुराबरोबर येतो. कोणाचा वाटा किती, हे रसायनशास्त्र सांगते. प्लवकांत नायट्रोजनच्या एका अणूमागे कार्बनचे सुमारे ७ अणू असतात. जमिनीवरील वनस्पतींच्या अवशेषांत ते बहुधा २० हून अधिक. दुसरी खूण कार्बन-१३ या जड समस्थानिकाची. बहुतेक वृक्षांत त्याचे प्रमाण समुद्री प्लवकांहून कमी, तर ज्वारी-बाजरीत अधिक. दोहोंचे अवशेष एकत्र मिसळले, तर जमिनीवरून आलेला गाळही समुद्रातलाच भासावा! अशा वेळी पानांवरील मेणाचे टिकाऊ रेणू खरा उगम सांगतात. गोदावरीच्या मुखासमोरील सागरतळातून काढलेल्या गाळातील अशाच मेणावरून, द्वीपकल्पाच्या अंतर्भागात गेल्या काही हजार वर्षांत कोरडेपणा वाढत गेल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. सागराचा तळ ही अशी देशाच्या मातीची खतावणी होय.

कृष्णेवर श्रीशैलम व नागार्जुनसागर ही धरणे झाल्यापासून गाळाचा मोठा भाग समुद्रापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तो शेतात राहिला असे मात्र नव्हे. शेताचा कस जातो, जलाशयांची साठवणक्षमता घटते आणि गाळाविना त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचतो. हा तिहेरी तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. कारण ज्याचे नुकसान होते, त्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे त्याची पावती नसते.

वस्तुतः मातीतील सेंद्रिय अंश हेच त्याचे भांडवल. तो असेल तर तुटपुंज्या पावसाचा ओलावा रब्बी ज्वारीला पुरतो. नसेल तर पडलेले पाणीही हाती लागत नाही. म्हैसाळच्या पाण्यासाठी जत तालुक्याने दीर्घकाळ आवाज उठविला, तो रास्तच होता. परंतु कस नसलेल्या जमिनीत दूरवरून उपसून आणलेले महागडे पाणी ओतणे हा शहाणा व्यवहार नव्हे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळी बांधबंदिस्ती, शेणाच्या गोवऱ्यांऐवजी खत आणि त्यासाठी गरिबाच्या चुलीला परवडणारे दुसरे इंधन, ही कामे पाण्याच्या बरोबरीने व्हावयास हवीत. धरणाचा खर्च एकदाच मंजूर होतो. वाहून जाणाऱ्या मातीचा खर्च दर पावसाळ्यात, कोणाच्याही मंजुरीविना, शेतकरीच भरीत असतो.