भांड्यांच्या गोष्टी : भाग ७ – सोपाऱ्याची डबीत डबी

गेल्या आठवड्यात आपण भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर होतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तिथल्या कारागिरांनी नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन फुंकर मारली आणि भांडं घडवणं हा काही क्षणांचा खेळ झाला. तो भाग वाचून एका बाईंनी विचारलं, ‘एवढं लांब कशाला जाता? आपल्या नालासोपाऱ्याला काचेची डबी सापडली होती ना?’

सापडली होती, पण ती काचेची नव्हे, स्फटिकाची. वरवर पाहता फरक फारसा नाही, कारण दोन्ही पारदर्शक आणि रासायनिकदृष्ट्या सख्खी भावंडंच: वाळूतली सिलिका दोघांचा जीव. पण भांडं करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जमीन-अस्मानाचा आहे.

आधी डबीची हकिकत. नालासोपारा पश्चिमेला जुन्या सोपारा गावात विटांचा एक ढिगारा होता. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. एप्रिल १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. जुनागढचे हे पंडित इंग्रजी शाळेत न जाता पुरातत्त्वात नाव कमावलेले, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचं काम पाहणारे जेम्स कॅम्बेल त्यांच्यासोबत होते. कोट कसला, तो स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती. पेटीच्या मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ छोट्या कांस्य बुद्धमूर्ती होत्या. या मूर्ती बऱ्याच नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. म्हणजे कुणीतरी ती ठेव मध्ये एकदा उघडून पुन्हा बंद केली होती.

तांब्याच्या करंडकात चांदीचा निघाला, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं, मणी आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. हे नाणं दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे ठेव त्याच्या आधीची असू शकत नाही. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या डबीत? मातीच्या भांड्याचे तेरा इवलेसे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. पाच डब्यांचा थाट एका खापरासाठी!

आता त्या चौथ्या डबीकडे वळू. काच मऊ करता येते. भट्टीत सोडा आणि चुना घातला की वाळू तुलनेने कमी उष्णतेत वितळते, मग तिला फुंका, ओढा, साच्यात दाबा. चुकलं तर तुकडे पुन्हा भट्टीत. स्फटिकाला ही सवलत नाही. तो सुमारे १७०० अंशांना वितळतो. तेवढी आच जुन्या भट्ट्यांना देता येत नव्हती, आणि दिली असती तरी थंड झाल्यावर हाती स्फटिक नव्हे, काचच आली असती. त्यामुळे स्फटिकाची डबी ‘बनवत’ नाहीत, ती दगडातून उकरून काढावी लागते. भर घालणं नाही, सांधणं नाही, फक्त काढत जाणं. कुंभाराच्या चाकावर भांडं वाढतं, मणिकाराच्या हातात ते कमी होत जातं.

कमी कशाने करायचं? लोखंडाची छिन्नी इथे फार कामाची नाही. खनिजांच्या कठीणपणाच्या पट्टीवर स्फटिक सातवर बसतो, खिडकीची काच साधारण साडेपाचवर. त्याच्याहून कठीण वस्तूची पूड लागते: नऊवरचं कुरुंद किंवा दहावरचा हिरा. अशा कामाची जुनी रीत पुष्कळ ठिकाणी सारखीच दिसते. निर्मळ गड्डा निवडायचा, तडा किंवा ढग असलेला भाग टिपून टाकायचा, उरलेल्याला घासून बाहेरचा आकार द्यायचा. आतली पोकळी काढताना पोकळ नळी सामत्याच्या दोरीने गरागरा फिरवायची आणि तिच्या कडेखाली कुरुंदाची पूड व पाणी घालत राहायचं. सुताराचा सामता पाहिला असेल त्याला ही हालचाल लगेच डोळ्यांसमोर येईल. दगड नळी कापत नाही, ती पूड कापते. मध्ये उभा राहिलेला गाभा टिचकीने मोडायचा, मग भिंती आतून खरवडायच्या. शेवटी झिलई. एक आततायी दाब पडला की आठवड्यांची मेहनत दोन तुकड्यांत.

यावरून माझा एक तर्क. सोनं, चांदी, तांबं ठोकून लहान-मोठं करता येतं. दगड आणि स्फटिक हट्टी. तेव्हा या संचात माप ठरवलं असेल ते या दोघांनी. सोनार आणि तांबट त्यांच्या मापाने चालले असतील. दागिन्याला कोंदण करताना सोनार आजही आधी खडा हातात घेतो, तसंच.

त्या कारागिराचं नाव डबीवर नाही. पण त्याची बिरादरी सापडते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे लेख आहेत. त्यांत कल्याणचा सोनार भेटतो आणि सोपाऱ्याचा मणिकारही. मणी-रत्नं घासणारा, भोकं पाडणारा हा माणूस डोंगरावरच्या भिक्षूंना दान देण्याइतका सुस्थित होता. ही डबी त्यानेच केली असं म्हणायला काही आधार नाही. पण या गावात ही हत्यारं होती, हात होते आणि गिऱ्हाईकही होतं, एवढं नक्की.

गंमत अशी, की काच तेव्हा इथे दुर्मीळ नव्हती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सोपाऱ्याचा ‘सुप्पारा’ म्हणून उल्लेख आहे, आणि भडोचला उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेचे गोळे आहेत. उलट रोमचा प्लिनी भारतातल्या स्फटिकाचं कौतुक करतो. तो बिचारा स्फटिक म्हणजे कायमचं गोठलेलं बर्फ समजत होता! बौद्धांनी मात्र अस्थी-अवशेषांसाठी पुन्हा पुन्हा स्फटिकच निवडला. आंध्रात भट्टिप्रोलूला, नेपाळच्या सीमेजवळ पिप्रहवाला. पिप्रहवाच्या करंडकाच्या झाकणावर तर मुठीऐवजी स्फटिकाचाच मासा आहे.

प्लिनीची चूक मला समजते. मागे एका जत्रेत मी ‘अस्सल’ स्फटिकाची माळ घेतली. घरी आणून मणी गालाला लावला. अस्सल स्फटिक गार लागतो आणि गारवा बराच वेळ टिकतो, कारण तो अंगातली उष्णता काचेपेक्षा झपाट्याने ओढतो. हा मणी दोन सेकंदांत कोमट. मग भिंग धरलं. आत मोहरीहूनही बारीक, अगदी गोल बुडबुडा. बुडबुडा म्हणजे भट्टीची सही. माळ अजून आहे, नातीच्या खेळातल्या बाहुलीच्या गळ्यात.

सोपाऱ्याचे करंडक मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. स्तूपाची जागा पाहायची तर नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा करावी. इमारतींच्या गर्दीतून एकदम झाडं आणि विटांचा उंचवटा येतो. माथ्याशी खणलेला खड्डा अजून ओळखू येतो. डब्या तिथूनच निघाल्या.