ब्रूनोला काय घालू?

पीएचडीत मी गायींच्या चाऱ्यावर काम करते. पण नातेवाइकांच्या लेखी मी 'प्राण्यांची डॉक्टर'. मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. 'अगं, ब्रूनो नऊ वर्षांचा झाला. शेजारच्या काकू म्हणतात, आता अंडी-चिकन बंद कर, नुसती दूध-पोळी दे. तू सांग बाई, काय घालू?' ब्रूनो म्हणजे तिचा लॅब्राडॉर, वजन 38 किलो. फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. तुमच्याकडेही कुत्रा असेल तर उपयोगी पडेल.

पोळी पचते का?

पचते. 2013 साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, कुत्र्यांत त्या 4 ते 30 सापडल्या. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर राहता राहता कुत्रा बदलला. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. दूध-पोळीत प्रथिनं कमी पडतात, काही खनिजं आणि जीवनसत्त्वंही. शिवाय बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर सोसत नाही, पोट बिघडतं.

मग घरीच नीट शिजवून घातलं तर? त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या अभ्यासात घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या गेल्या. 95 टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक पोषक घटक कमी होता, आणि त्यातल्या काही चक्क पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. म्हणजे घरचं जेवण वाईट असं नाही, पण ते अंदाजाने जमत नाही. तयार खाद्य घेत असाल तर पिशवीवर 'संपूर्ण आणि संतुलित' आहे का आणि ते कोणत्या वयासाठी आहे, एवढं तरी वाचा.

पिल्लू: जास्त म्हणजे चांगलं नव्हे

मोठ्या जातीचं पिल्लू आणलं की लोक कॅल्शियमचं सिरप सुरू करतात. नेदरलँड्सच्या उट्रेक्ट विद्यापीठात 1980च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर प्रयोग झाले. लहान पिल्लांच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही, ते शरीरात शिरतं आणि हाडांची वाढ बिघडवतं. म्हणून मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं संतुलित खाद्य चालू असेल, तर वर कॅल्शियम नको.

मोठा कुत्रा: किती घालायचं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग हा. लॅब्राडॉरची 48 पिल्लं, त्यांच्या 24 जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, तेही आयुष्यभर. 2002 साली निष्कर्ष छापून आले. जास्त खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13 वर्षं. सांधेदुखीही त्यांना उशिरा आली. जवळजवळ दोन वर्षं, फक्त वाटी लहान केल्याने!

'पण तो मागतो गं,' हे मावशीचं उत्तर तयारच होतं. मागणारच. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गायब असतो आणि असे कुत्रे खाण्याच्या जास्त मागे असतात. म्हणून डोळ्यांकडे बघून वाटी भरू नका.

आणखी एक गंमत. वजन दुप्पट म्हणजे खाणं दुप्पट नव्हे. नुसतं पडून राहायला 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 390 किलोकॅलरी लागतात, 20 किलोच्याला 660. हिंडणं-फिरणं धरून गरज याहून वाढते. तेल लावलेल्या एका पोळीत शंभरेक किलोकॅलरी सहज असतात. बिस्किटं, पोळीचे तुकडे वगैरे मिळून दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा.

म्हातारा किंवा आजारी

काकूंचा सल्ला इथे चुकतो. म्हातारपणी स्नायू झिजतात, तेव्हा चांगली प्रथिनं हवीतच. नुसतं वय झालं म्हणून ती तोडायची नाहीत. किडनी अधू असेल तर गोष्ट वेगळी: तिथे मुख्यतः फॉस्फरस कमी करावा लागतो, आणि प्रथिनं किती ते पशुवैद्य ठरवतात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर तूप, चरबी बंद. म्हणजे आधी रक्ततपासणी, मग पथ्य. आणि वय काहीही असो, कांदा-लसूण घातलेला रस्सा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉलची गोड उत्पादनं कधीच नाहीत.

ब्रूनोचा रिपोर्ट आला, किडनी ठीक आहे. अंडं चालू राहिलं, रात्रीच्या दोन पोळ्या आणि दूध गेलं.

आज तुम्हीही एक करून बघा. एक हात सपाट ठेवून दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरून फिरवा, मग कुत्र्याच्या बरगड्यांवरून. दोन्हीकडे सारखंच लागलं तर वजन बरोबर. बरगड्या तळहातासारख्या मऊ लागल्या तर वाटी लहान करा. मुठीच्या हाडांसारख्या टोचल्या तर डॉक्टरांकडे जा.