झाडाला पाणी किती? अंदाज नको, हिशेब हवा!

मे महिन्याची दुपार. अंगणातल्या जास्वंदीची पाने मलूल होऊन लोंबू लागली, की आपला हात लगेच बादलीकडे जातो. पण जरा थांबा. ऊन उतरल्यावर तीच पाने पुन्हा ताठ झाली, तर झाड तहानलेले नव्हते. उन्हाच्या तडाख्यात पानांतून जेवढे पाणी उडाले, तेवढ्या वेगाने मुळांना ते पुरवता आले नाही, इतकेच. सकाळीही पाने मलूलच असतील, तर मातीत दोन इंच बोट घालून पाहा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर पाणी आधीच जास्त झाले आहे!

मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजतात. शेतात तर निचरा नसताना वर्षानुवर्षे जादा पाणी दिल्याने चांगली काळी जमीन खारवट होते.

पाणी जाते कुठे?

मुळांनी शोषलेल्या पाण्याचा अगदी थोडा भाग झाडाच्या अंगी लागतो. बाकीचे पानांवाटे वाफ होऊन उडून जाते. म्हणजे झाडाची तहान ऊन, वारा आणि हवेतला कोरडेपणा ठरवतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली हा संबंध सूत्रात मांडला. सोपी रीतही आहे. हवामान केंद्रांवर सुमारे १२० सें.मी. रुंद आणि २५ सें.मी. खोल असे पाण्याचे गोल पात्र उघड्यावर ठेवतात आणि त्यातले पाणी दिवसभरात किती मिलिमीटर घटले ते मोजतात.

पुढचे गणित घरातल्या कोणालाही जमेल. एक चौरस मीटर जागेवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. समजा, डाळिंबाच्या झाडाची सावली ५ चौरस मीटर पडते आणि उन्हाळ्यात पात्रातले पाणी रोज १० मि.मी. घटते. पात्रातले पाणी जमिनीपेक्षा जास्त उडते, म्हणून ०.७ ने गुणायचे, पिकासाठी ०.८ धरू. १० × ०.७ × ०.८ × ५ = २८ लिटर. तासाला ४ लिटर देणारे दोन ड्रिपर असतील, तर संच साडेतीन तास चालवावा लागेल.

हिवाळ्यात पाणी ४ मि.मी.च घटत असेल, तर तेच झाड ११ लिटरवर भागते. पण संच बारमाही साडेतीन तासच चालू ठेवला, तर झाडामागे रोज १७ लिटर वाया! ३०० झाडांच्या बागेत ते ५,१०० लिटर होतात. हेच पाणी विहिरीत राहिले असते, तर मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागली नसती.

कुंडीचा हिशेब

घरच्या कुंडीसाठी तराजू पुरे. पाणी घाला, जादा पाणी निथळू द्या आणि कुंडी तोला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोला. वजन ३०० ग्रॅम घटले, तर रोजची गरज सुमारे ३०० मिलिलिटर. ऋतू बदलला की पुन्हा तोला. पाऊस पडला की तेवढे वजा करा.

किराण्याचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. पाण्याचाही का ठेवू नये?