पावसाच्या वहीचा पत्ता

देवरुखच्या आमच्या घरात, माजघराच्या फळीवर, मीटरच्या पेटीशेजारी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक रास्पबेरी पाय बोर्ड, म्हणजे छोटासा संगणक, ठेवलेला आहे. त्याच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत असतो. आप्पांची पावसाची वही बाहेरच्या माणसांना दिसते ती या बोर्डावरून.

आप्पा रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात. ही वेळ हवामान खात्याचीच: काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जो पडला, तो आजचा पाऊस. मोजमाप वहीत उतरलं की तेच आकडे ते मोबाइलवरून या बोर्डावरच्या वेबपानावर भरतात. पान फुकटात कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर दहा मिनिटांत लावून झालं असतं, हे मला ठाऊक होतं. पण ज्या अंगणात पाऊस मोजला, त्याच अंगणाच्या घरातून तो वाचायला मिळावा, असं मला फार वाटत होतं. आप्पांनी विचारलं ते एवढंच, ‘‘वीज किती खाईल रे?’’ पाच वॅट धरले तर महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास. ते ‘‘बरं’’ म्हणाले.

पान बनवायला एक संध्याकाळ लागली. ते घराबाहेरून उघडायला तीन आठवडे गेले.

घरातल्या घरात बोर्डाला १९२.१६८.१.५० असा नंबर होता. असे नंबर घरोघरी असतात, उंबऱ्याबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. बाहेर दिसतो तो राउटरचा एकच पत्ता. तिथे येणारी हाक बोर्डापर्यंत पोचवायची तर राउटरला सांगून ठेवावं लागतं, की ८० आणि ४४३ या दारांवर कुणी आलं तर आत या नंबराकडे पाठव. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात ते हेच. मी ते केलं, चार वेळा तपासलं, आणि तरी पुण्याहून बहिणीला पान दिसेना.

मग राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता वाचला. सुरुवात १०० नं होती, पुढे ७२. बाहेरच्या एका साइटला ‘माझा पत्ता काय’ म्हणून विचारलं तर तिनं वेगळाच सांगितला. तिथे उलगडा झाला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी राखून ठेवले गेले, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरता येईल. आमचं घर चाळीतल्या खोलीसारखं होतं आणि रस्त्यावरचं दार सगळ्यांचं एकच. त्या दाराची किल्ली माझ्याकडे नव्हती, मग माझ्या राउटरला कितीही सांगून काय उपयोग.

याच्या मुळाशी टंचाई आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते बत्तीस बिटांचे, सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास. त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. नव्या, १२८ बिटांच्या पत्त्यांना तोटा नाही, पण आमच्या जोडणीवर ते तेव्हा मिळत नव्हते. पुरवठादाराला फोन करत राहिलो. शेवटी त्यांनी आम्हाला सामायिक पत्त्यातून बाहेर काढलं. कायमचा पत्ता हवा असेल तर दरमहा वेगळे पैसे पडणार होते. मी बदलता घेतला.

बदलता पत्ता म्हणजे बिऱ्हाड. जोडणी तुटून परत लागली की नवी खोली. बिऱ्हाडकरूला शोधायचं तर नाव हवं, आणि नावापुढे आजचा पत्ता कुणीतरी लिहून ठेवायला हवा. इंटरनेटची नावांची व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत, आणि ती कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. बदल कळवायचा तो त्यांना. नोंद माणसाच्या हाताशिवाय बदलण्याची रीत १९९७ मध्ये ठरली. आज आमचा बोर्ड दर पाच मिनिटांनी बाहेर विचारतो, मी कुठे आहे? उत्तर आधीचंच असेल तर गप्प राहतो, बदललेलं असेल तर नोंद ठेवणाऱ्या सेवेला कळवतो. शिवाय ती नोंद किती वेळ खरी धरावी हेही सांगावं लागतं. मी आधी एक तास ठेवला होता. लोक तासभर जुन्या दारावर जात राहिले. मग साठ सेकंद केले.

जुन्या दारावर जाणं म्हणजे काय, ते पहिल्या जुलैत कळलं. तेव्हा पत्ता कळवणारा माझा प्रोग्राम फक्त बोर्ड सुरू होताना एकदा चालायचा. रात्री वीज गेली, पहाटे आली. बोर्ड अर्ध्या मिनिटात जागा झाला, राउटरला जोडणी मिळायला त्याहून जास्त वेळ लागला. प्रोग्रामनं हाक मारली, कुणी ऐकली नाही, आणि तो थांबला. सकाळी ठाण्याहून काकूचा फोन, ‘‘अरे, आप्पांच्या पावसाच्या जागी कसल्या कॅमेऱ्याचं लॉगिन मागतंय.’’ आमचा कालचा पत्ता दुसऱ्या कुणाच्या घराला मिळाला होता आणि आमच्या नावानं काकू त्या अनोळखी घराच्या दारात उभी होती. त्यांच्या घरचे कॅमेरे! मला दिवसभर कसंसंच होत राहिलं. त्याच संध्याकाळी पानाला त्याची ओळख पटवणारं सुरक्षा-प्रमाणपत्र बसवलं. आता पत्ता चुकला तर ब्राउझर आधीच अडवतो, कारण त्या दुसऱ्या घराकडे आमच्या नावाचं प्रमाणपत्र नसतं. आणि पाच मिनिटांची फेरीही तेव्हापासूनच.

बोर्ड प्रत्येक बदल एका फाइलमध्ये लिहून ठेवतो: तारीख, वेळ, जुना पत्ता, नवा पत्ता. तो कधी जागा झाला, तेही. सप्टेंबरात मी ती फाइल उघडून बसलो होतो. आप्पा चहा घेऊन मागे उभे राहिले, चष्मा वर करून तारखा वाचू लागले आणि आत जाऊन वही घेऊन आले. आम्ही दोन्ही शेजारी ठेवलं. ज्या दिवशी पाऊस मोठा, त्या दिवशी पत्ते तीन-तीन, चार-चार वेळा बदललेले. उघडिपीच्या आठवड्यात एकच पत्ता सात दिवस टिकलेला. वीज जाते, राउटर बंद पडतो, परत येताना नवा नंबर घेऊन येतो. मी पत्त्यांची नोंद ठेवत होतो आणि तिच्यात गावची वीज लिहिली जात होती.

एका ओळीवर आप्पांनी बोट ठेवलं. ‘‘हे चुकलंय. ह्या रात्री दोनला गेली ती सहाला आली. मी जागा होतो.’’ फाइलीत मात्र बोर्ड सव्वा वाजता जागा झालेला, म्हणजे वीज जाण्याच्याही आधी. आप्पांचंच बरोबर होतं. आमच्या जुन्या बोर्डात सेलवर चालणारं घड्याळ नाही. तो तासातासाला वेळ टिपून ठेवतो, आणि वीज आल्यावर शेवटच्या टिपलेल्या वेळेपासून मोजायला लागतो. इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत त्याच्या लेखी मधले तास गेलेलेच नसतात. मी डीएस ३२३१ ही घड्याळाची चिप मागवली, नाण्याएवढ्या सेलवर चालणारी, आणि चार तारांनी जोडली. त्या रात्रीची नोंद आप्पांच्या सांगण्यावरून हातानं दुरुस्त केली.

घरातून नाव टाकलं तर पान उघडत नसे, तेही एकदाचं निस्तरलं. आमचा राउटर स्वतःच्याच बाहेरच्या दारातून आत वळू शकत नाही. आप्पांच्या मोबाइलवर आतला नंबर खूण म्हणून ठेवून दिला.

यंदा नव्या वहीत आप्पांनी पट्टीनं एक रकाना जास्त आखलाय. तारीख, मिलिमीटर, शेरा, आणि शेवटी ‘वीज’. साडेआठला पाणी मोजून झालं की ओल्या पायांनी माजघरात येतात, मोबाइलवर बोर्डाची फाइल उघडतात आणि वाचून लिहितात. पत्ते लिहीत नाहीत. कालच्या तारखेपुढे लिहिलंय, ‘तीन वेळा. रात्री बराच वेळ.’